भाषा मराठी केली तरी ॲप इंग्रजीच: काय तपासायचं, कुठे थांबायचं

‘फोन मराठी केला, पण ॲप काही ऐकत नाही.’ ही तक्रार सारसबागेतल्या बाकावर ऐकू येते तशीच हिंजवडीच्या कँटीनमध्येही. यात फोन बिघडलेला क्वचितच असतो. खरी गोम अशी की एकाच ॲपची भाषा चार जागी ठरते: फोनच्या मुख्य सेटिंगमध्ये, फोनमधल्या त्या ॲपपुरत्या सेटिंगमध्ये, ॲपच्या स्वतःच्या मेनूत, आणि त्या ॲपच्या खात्यात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर. आपण एका जागी मराठी करतो आणि दुसरी जागा त्यावर पाणी फिरवते. खालच्या सगळ्या तपासण्या एवढ्यासाठीच आहेत की या चौघांपैकी सध्या कोणाचं चालतंय ते कळावं.

क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. ‘ॲप काढून परत टाका’ हा सल्ला सगळे सर्वांत आधी देतात. इथे तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्या एका सल्ल्यापायी लोकांच्या वर्षानुवर्षांच्या गप्पा गेल्या आहेत, आणि ॲपची भाषा तरीही इंग्रजीच राहिली आहे.

आधी लक्षण ओळखा

- टाइप करताना मराठी अक्षरं येतात, पण मेनू, बटणं, सूचना सगळं इंग्रजीत. (तपासणी १)
- मराठी निवडली, खूण उमटली, तरी स्क्रीन होती तशीच. (२, ३ आणि ६)
- फोन मराठी झाला, बाकीची ॲप झाली, एकच ॲप अडून बसलंय. (३ आणि ४)
- मराठी मागितली, हिंदी मिळाली. (५)
- मराठी होते, पण टिकत नाही. एखादं पान उघडून परत आलं की इंग्रजी. (७)
- अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. (८)
- अक्षरांच्या जागी चौकोनी डबे, किंवा जोडाक्षरं फुटलेली. (९)
- भाषा नीट बदलली, पण आता तारीख, रक्कम किंवा ओटीपी ॲप नाकारतंय. (१०)
- फोन भलत्याच लिपीत गेलाय आणि परतीची वाट वाचता येत नाही. (११)

लक्षण नेमकं जुळलं तर थेट त्या तपासणीवर जा. शंका असेल तर पहिल्यापासून क्रमाने या. पहिल्या चार तपासण्यांना मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत.

१. बदललंय काय, कीबोर्ड की ॲप?

कीबोर्डवर स्पेसच्या शेजारी पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की फक्त लिहिण्याची भाषा बदलते. ॲपच्या बटणांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. उलटही तसंच: ॲप पूर्ण मराठी झालं तरी कीबोर्ड आपोआप मराठी होत नाही, तो जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) किंवा तुमच्याकडे जो असेल त्याच्या सेटिंगमध्ये वेगळा जोडावा लागतो. घरातल्या ज्येष्ठांनी ‘मराठी होत नाहीये’ म्हटलं की आधी विचारा, लिहायला की वाचायला?

२. ॲप खरोखर बंद करा

होमचं बटण दाबल्यावर ॲप नजरेआड होतं, बंद होत नाही. स्क्रीन उघडताना त्या वेळच्या भाषेतला मजकूर उचलला जातो आणि तीच स्क्रीन आठवणीत पडून राहते. भाषा बदलली तरी जुनीच स्क्रीन परत समोर येते.

ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, वर्तुळातलं ‘आय’ किंवा ‘ॲप इन्फो’ दाबा, तिथे ‘फोर्स स्टॉप’ करा. ॲप नीट चालणार नाही अशा अर्थाचा एक इशारा येईल, त्याला घाबरू नका. यानं एक अक्षरही पुसलं जात नाही. आयफोनवर खालून वर सरकवून ॲपचं कार्ड वर भिरकावलं की तेच काम होतं. मग ॲप पुन्हा उघडा.

यानं न भागल्यास एकदा फोन बंद-चालू करून बघा. त्यापुढे हेच परत परत करण्यात अर्थ नाही.

३. ॲपच्या पोटातली भाषा

ॲपला स्वतःची भाषा निवडायची सोय असेल, तर बहुतेक वेळा तीच फोनवर मात करते. फोन तुम्ही आज मराठी केला, पण दोन वर्षांपूर्वी ॲप पहिल्यांदा उघडताना कुणीतरी घाईत ‘इंग्लिश’वर बोट ठेवलं होतं. ॲप तो शब्द अजून पाळतंय.

शोधायचं कुठे? व्हॉट्सॲपमध्ये, अँड्रॉइड फोनवर, वरच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, ॲप लँग्वेज. जुन्या आवृत्तीत हीच ओळ सेटिंग्जमधल्या ‘चॅट्स’च्या आत आहे. आयफोनवर व्हॉट्सॲपच्या आत शोधत बसू नका, तिथे ते फोनचंच ऐकतं. थेट चौथ्या तपासणीवर जा. फेसबुकमध्ये तीन आडव्या रेघा, ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’, आणि त्यात लँग्वेजची ओळ. गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर दाबून सेटिंग्ज, मग ॲप लँग्वेज. मॅप्समधला बोलणारा आवाज ही वेगळीच गोष्ट आहे. तो ‘नेव्हिगेशन’च्या सेटिंगमध्ये ‘व्हॉइस सिलेक्शन’खाली असतो, त्यामुळे स्क्रीन मराठी आणि बाई मात्र इंग्रजीत ‘टर्न लेफ्ट’ सांगतेय असं झालं तर तो बिघाड समजू नका.

पैशांच्या आणि सरकारी ॲपमध्ये भाषेची ओळ सहसा प्रोफाइलच्या फोटोमागे किंवा सेटिंग्जमध्ये असते. तिथे सापडली नाही तर एकदा लॉगआउट करून पहिली स्क्रीन बघा. बऱ्याच ॲपमध्ये भाषेचं बटण फक्त लॉगिनच्या आधी, वरच्या कोपऱ्यात दिसतं. ते बटण आत कुठेच का नसावं, हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक. लॉगआउट करण्याआधी पासवर्ड किंवा एमपिन आठवतोय ना, ते मात्र पक्कं करा.

४. फोनमधली ॲपपुरती भाषा

ही जागा फार कमी जणांना माहीत असते. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपला वेगळी भाषा देता येते. आयफोनवर ही सोय २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, सिस्टम, लँग्वेजेस, ॲप लँग्वेजेस. सॅमसंगवर सेटिंग्ज, जनरल मॅनेजमेंट, ॲप लँग्वेजेस. शाओमीवर ॲडिशनल सेटिंग्जमधल्या लँग्वेज-इनपुटच्या आसपास. प्रत्येक कंपनी ही ओळ वेगळ्या कपाटात ठेवते, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘लँग्वेज’ किंवा फोन मराठी असेल तर ‘भाषा’ टाकणं सर्वांत जलद. किंवा ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरून ॲप इन्फोत जा आणि लँग्वेजची ओळ बघा.

तिथे ‘इंग्लिश’ निवडलेलं असेल तर फोन कितीही वेळा मराठी करा, त्या ॲपला फरक पडणार नाही. ‘मराठी’ किंवा ‘सिस्टम डीफॉल्ट’ करा. ॲप या यादीत दिसतच नसेल तर ‘यात मराठी नाही’ असा अर्थ लगेच काढू नका. आपण कोणकोणत्या भाषा बोलतो हे ॲपनं अँड्रॉइडला आधी कळवावं लागतं. ज्यांनी ते कळवलेलं नाही ती ॲप यादीत येत नाहीत. त्यांची भाषा आत बदलावी लागते.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावावर जायचं (आयओएस १८ पासून आधी ‘ॲप्स’ हा गट उघडावा लागतो), तिथे ‘लँग्वेज’ची ओळ असते. इथे हमखास फसगत होते: फोनमध्ये एकच भाषा असेल तर ही ओळ दिसतच नाही. आधी सेटिंग्ज, जनरल, ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये जाऊन ‘ॲड लँग्वेज’मधून मराठी जोडा. ‘मराठी मुख्य भाषा करू का?’ असं विचारलं तर नको असल्यास इंग्रजी ठेवा. आता परत ॲपच्या पानावर या, ओळ आलेली दिसेल.

५. मराठी मागितली, हिंदी का आली?

पुण्यात ही तक्रार जरा जास्तच तावातावाने येते. पण हा कुणाचा खोडसाळपणा नाही, यादीच्या क्रमाची करामत आहे.

२०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये एकच भाषा नसते, पसंतीक्रमाची यादी असते. ॲप ती वरून खाली वाचतं आणि स्वतःला येणाऱ्या पहिल्या भाषेवर थांबतं. तुमची यादी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी असेल आणि ॲपला मराठी येत नसेल, तर ते प्रामाणिकपणे दुसऱ्या क्रमांकाची हिंदी दाखवतं. आयफोनचंही तसंच.

भाषांच्या यादीत प्रत्येक नावासमोर आडव्या रेघांची मूठ असते. तिला धरून ओळी वर-खाली ओढा. मराठी पहिली, इंग्रजी दुसरी, हिंदी तिसरी किंवा हवी तर काढून टाका. हिंदी आली याचा अर्थ त्या ॲपमध्ये सध्या तरी मराठी मजकूर सापडत नाहीये, एवढं लक्षात ठेवा. तो मुळातच नाही की फोनवर उतरलेला नाही, हे पुढच्या तपासणीत कळेल.

६. मराठीचा तुकडा फोनवर उतरलाय का?

ॲपच्या यादीत ‘मराठी’ आहे, ती निवडता येते, खूण उमटते, आणि तरी सगळं इंग्रजी. या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

पूर्वी अँड्रॉइड ॲपची एकच फाइल असायची आणि तिच्यात सगळ्या भाषा भरलेल्या असायच्या. ऑगस्ट २०२१ पासून गूगलने नव्या ॲपना ‘ॲप बंडल’ ही पद्धत सक्तीची केली. तीत प्ले स्टोअर ॲपचे तुकडे करतं आणि तुमच्या फोनला लागतील तेवढेच पाठवतं. जागा आणि डेटा वाचतो. पण भाषेचा तुकडा कोणता पाठवायचा हे प्ले स्टोअर फोनच्या भाषायादीवरून ठरवतं, ॲपमध्ये तुम्ही काय निवडलं त्यावरून नाही. फोनच्या यादीत फक्त इंग्रजी असेल तर मराठीचा तुकडा आलेलाच नसतो. मग ॲपमध्ये मराठी निवडली की ॲप मराठी शब्द शोधतं, ते सापडत नाहीत, आणि मुकाट्याने इंग्रजी दाखवतं. ॲप बनवणाऱ्यानं याची तजवीज करायला हवी असते; अनेकांनी केलेली नसते.

उपाय असा. फोनच्या भाषायादीत मराठी जोडा. पहिली करायची गरज नाही, दुसरी चालेल. मग वायफायवर या. प्ले स्टोअरची स्वयंचलित अपडेट ‘फक्त वायफायवर’ अशी ठेवलेली असते किंवा पूर्ण बंद असते, त्यामुळे मोबाइल डेटावर वाट बघत बसलात तर तुकडा कधी येईल ते सांगता येत नाही. प्ले स्टोअर उघडून ते ॲप शोधा; ‘अपडेट’ दिसत असेल तर करा. फोनमध्ये थोडी जागा मोकळी आहे ना तेही बघा, गच्च भरलेल्या फोनवर हे सगळं न कळवता अडून बसतं. थोड्या वेळाने ॲप फोर्स स्टॉप करून भाषा पुन्हा निवडा.

हाच घोटाळा दुसऱ्या वाटेनेही होतो. कुणीतरी आपल्या फोनमधलं ॲप फाइल शेअर करणाऱ्या ॲपने तुम्हाला पाठवलं. पाठवताना बहुतेक वेळा फक्त मूळ तुकडा येतो, भाषेचा मागेच राहतो. अशा ॲपवर कितीही सेटिंग करा, मराठी येणार नाही. ते काढून प्ले स्टोअरमधून घ्यावं लागतं; काढण्याआधी बारावी तपासणी वाचा.

आयफोनवर हा त्रास सहसा नाही. तिथे ॲपला मराठी येते की नाही हे आधीच कळतं: ॲप स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर खाली ‘इन्फॉर्मेशन’मध्ये ‘लँग्वेजेस’ची ओळ उघडा. त्यात मराठी नसेल तर शोध तिथेच संपवा.

७. मराठी होते, पण टिकत नाही

एक चाचणी करा. ॲप मराठी करा, मग त्यातलं ‘मदत’, ‘अटी’ किंवा पैसे भरण्याचं पान उघडा आणि मागे या. इंग्रजी झालं? तर दोष ॲपचा आहे. ही पानं खरं तर ॲपच्या आत उघडलेली वेबसाइट असते. अँड्रॉइड ७ पासून असं पान पहिल्यांदा उघडताना ॲपची भाषा फोनच्या भाषेवर परत जाण्याचा दोष सर्वज्ञात आहे. फोन आडवा केल्यावर भाषा उडत असेल तर तोही याच्याच जातीचा: स्क्रीन नव्याने बांधली जाते आणि ॲप आपली निवड तिला सांगायला विसरतं.

आपल्या हातात एवढंच की चारही जागा एकमताने मराठी ठेवायच्या. फोन पूर्ण मराठी नको असेल तर निदान चौथ्या तपासणीतली ॲपपुरती भाषा मराठी करा. ती अँड्रॉइड स्वतः लक्षात ठेवतं, ॲपच्या विसरभोळेपणावर अवलंबून राहावं लागत नाही. ॲपच्या आत वेबसाइट दाखवणारा ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ हा भाग प्ले स्टोअरमधून अपडेट करून घ्या, त्यानं नुकसान काही नाही.

आणि एक साधी गोष्ट बघायची राहून जाते. फोनमध्ये त्याच ॲपच्या दोन प्रती आहेत का? दोन सिमसाठी दोन व्हॉट्सॲप ठेवणाऱ्यांनी एकाची भाषा बदललेली असते आणि ते दुसरंच उघडून बघत असतात.

८. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी

आधी नेमकं काय इंग्रजी आहे ते बघा. बटणं मराठी आणि बातम्या, ऑफर, सूचना इंग्रजी असतील, तर तो मजकूर सर्व्हरवरून येतोय आणि सर्व्हर तुमच्या खात्यातली भाषा वाचतोय. गूगलच्या ॲपसाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’, ‘पर्सनल इन्फो’ आणि तिथे लँग्वेज. इतर ॲपमध्ये एकदा लॉगआउट करून मराठीत लॉगिन केलं की सूचनाही सुधारतात, कारण बरीच ॲप सूचनांची भाषा लॉगिनच्या वेळी नोंदवून ठेवतात.

एखादंच बटण इंग्रजी राहिलंय, तर त्याचं भाषांतर झालेलंच नाही. नवं काही आलं की ते आधी इंग्रजीत येतं, मराठी मागाहून. ऑफरच्या चित्रातली अक्षरं चित्राचाच भाग असतात, ती बदलत नाहीत. आणि बँकेचा एसएमएस ॲपच्या भाषेवर अवलंबून नसतो. तो बँकेने दूरसंचार कंपन्यांकडे आधीच नोंदवलेल्या ठरावीक साच्यातून येतो. मराठी एसएमएस हवा असेल तर बँकेत विचारावं लागेल.

९. डबे आणि फुटकी अक्षरं

थीममधून घेतलेला सुंदर फाँट हा पहिला संशयित. सेटिंग्ज, डिस्प्ले, फाँट इथे जाऊन मूळचा फाँट परत लावा. सजावटीच्या बहुतेक फाँटमध्ये देवनागरी नसते किंवा अर्धवट असते.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकाप्रमाणे भारतात विकायच्या फोनवर बावीसही भारतीय भाषा वाचता यायला हव्यात. त्यामुळे मूळ फाँटवरही डबे दिसत असतील तर फोन फारच जुना आहे किंवा परदेशी बाजारासाठी बनलेला आहे. त्याचं पुढे येईलच.

बटणावरचे शब्द कापले जात असतील तर तो भाषेचा दोष नाही. इंग्रजीत ‘सेंड’ मावेल एवढ्या जागेत ‘पाठवा’ मावतं, पण ‘पुष्टीकरण करा’ मावत नाही. अक्षराचा आकार एक पायरी कमी करून बघा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात म्हणूनही काही जण हटून बसतात. ते फाँटचं वळण आहे, सेटिंग मराठीच आहे. ‘दुसऱ्या’मधला चंद्रकोरी र तुटलेला दिसला तर मात्र दोष खरा, ज्या पुण्यात सी-डॅक ही भारतीय भाषांचं संगणक-तंत्र घडवणारी सरकारी संस्था १९८८ पासून आहे, तिथल्या माणसांनी याची तक्रार ॲपवाल्यांकडे जरूर करावी.

१०. मराठी झाली आणि आकडे बिनसले

फोन मराठी केला की घड्याळ, तारखा, बॅटरीची टक्केवारी देवनागरी आकड्यांत दिसू लागते, कारण मराठीसाठी ठरलेले आकडे तेच आहेत. बघायला छान. पण काही ॲप तारीख किंवा रक्कम सर्व्हरला पाठवतानाही फोनच्या भाषेतले आकडे वापरतात. सर्व्हरला इंग्रजी आकडे हवे असतात, तो ‘२०२५’ ओळखत नाही आणि ‘तारीख चुकीची’ म्हणून परत पाठवतो. तिकीट काढताना, फॉर्म भरताना, विम्याची जन्मतारीख देताना हे घडतं. इंग्रजी करून तीच कृती केली आणि झाली, तर निदान पक्कं.

तेवढ्या एका ॲपला चौथ्या तपासणीतून इंग्रजी द्या आणि बाकी फोन मराठी राहू द्या. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनसाठी हीच रचना सर्वांत कमी कटकटीची ठरते. अँड्रॉइड १३ च्या आधीच्या फोनवर उलटं करावं लागतं: फोन इंग्रजी, मराठी यादीत दुसरी, आणि हवी ती ॲप आतून मराठी.

रक्कम किंवा ओटीपी टाइप करताना मराठी कीबोर्डवरून ‘५६’ टाकलं आणि ॲपनं नाकारलं, तर गोळा दाबून इंग्रजी कीबोर्डवर या. एवढंच.

११. फोन वाचता न येणाऱ्या लिपीत गेला

भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलेलं असतं, म्हणजे यादीपर्यंत पोचलात की ‘मराठी’ देवनागरीत दिसणारच. पोचायचं कसं? दुसऱ्या फोनवर गूगल ट्रान्सलेट किंवा लेन्स उघडा आणि त्याचा कॅमेरा या फोनच्या स्क्रीनवर धरा. मेनू वाचता येतो. दुसरा फोन नसेल तर चिन्हांवरून जा: दातेरी चाक म्हणजे सेटिंग्ज. सॅमसंगवर तीन सरकपट्ट्यांचं चिन्ह जनरल मॅनेजमेंटचं. इतर बऱ्याच फोनांत ‘सिस्टम’ यादीच्या तळाशी असतं आणि भाषेसमोर पृथ्वीचा गोळा असतो. ‘चुकून काही दाबलं गेलं तर’ या भीतीनं फॅक्टरी रीसेट करू नका. लाल अक्षरांतलं काहीही दाबू नका.

१२. शेवटचे उपाय, आणि त्यांची किंमत

ॲप इन्फोतल्या ‘स्टोरेज’मध्ये दोन बटणं असतात. ‘क्लिअर कॅश’ निर्धोक आहे, ते करा. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे ॲप कोरं करणं. परिणाम ॲप काढून परत टाकण्याइतकाच. त्याआधी:

व्हॉट्सॲपचा बॅकअप आज घेतलाय का, ते चॅट्सच्या सेटिंगमध्ये तारखेसकट बघा. ओटीपी बनवणारी ऑथेंटिकेटर ॲप भाषेसाठी कधीच कोरी करू नका, आतल्या किल्ल्या गेल्या तर दुसऱ्या खात्यांचे दरवाजे बंद होतात. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप पुन्हा नोंदवताना फोनमधल्याच सिमवरून एसएमएस जातो, म्हणून खात्याला जोडलेलं सिम याच फोनमध्ये आणि एसएमएस जाण्याजोगं हवं. काही बँका नव्या नोंदणीनंतर पहिले २४ तास रकमेवर मर्यादा लावतात. उद्या घरभाडं भरायचं असेल तर हा उद्योग परवा करा.

कोरं झालेलं ॲप उघडण्याआधी फोनच्या यादीत मराठी आहे ना ते बघा, नाहीतर सहाव्या तपासणीतला घोटाळा पुन्हा होईल.

कुठे थांबायचं

फोनच्या भाषायादीत फक्त चिनी आणि इंग्रजी असेल आणि प्ले स्टोअरही मूळचं नसेल, तर तो चीनच्या बाजारासाठीचा फोन आहे. सेकंडहँड किंवा बाहेरून आणलेल्या फोनात हे निघतं. इथे स्वतः काही करू नका. तपकीर गल्लीपासून कॅम्पापर्यंत ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) कुलपाविना उघडा राहिला तर बँकेची ॲप चालायला नकार देऊ शकतात. आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. दुकानात द्यायचाच असेल तर फोटो आणि गप्पा काढून घ्या, सिम काढा, आणि बँक ॲप फोनमध्ये ठेवून पिन सांगू नका.

ऑफिसच्या फोनवर भाषेची ओळच दाबता येत नसेल तर कंपनीने ती बंद केलेली आहे. अँड्रॉइडमध्ये तशी सोय आहे. आयटी विभागाला सांगा.

बँकेचं ॲप पुन्हा नोंदवताना दोनदा अपयश आलं तर तिसरा प्रयत्न करू नका, खातं काही काळ बंद पडू शकतं. शाखेत जा.

मदतीचा क्रमांक गूगलवर शोधून फोन करू नका. ॲपच्या आतल्या ‘मदत’मध्ये असेल तोच घ्या. कुणी भाषा बदलून देतो म्हणून तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं किंवा ‘मराठी आवृत्ती’ची लिंक पाठवली तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

ॲपमध्ये मराठीच नसेल तर ती कुणीही आणून देऊ शकत नाही, ॲप बनवणारे सोडून. त्यांना लिहिताना ‘मराठी द्या’ एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, चारही जागी कोणती भाषा आहे, आणि कोणत्या स्क्रीनवर काय इंग्रजी दिसतंय, हे खाते क्रमांक झाकलेल्या स्क्रीनशॉटसकट पाठवा. आणि वाचणारा जर हिंजवडीत किंवा बाणेरला ॲपच बनवत असेल, तर भाषेचे तुकडे पाडणं बंद करा किंवा निवडीबरोबर तुकडा मागवा, भाषांची यादी अँड्रॉइडला कळवा, आणि सर्व्हरला जाणारी तारीख फोनच्या भाषेत घडवू नका. वरच्या तक्रारींतल्या सहाव्या, सातव्या आणि दहाव्या तपासणीपर्यंत मग कुणाला यावंच लागणार नाही.